आकाशातली भेसळ

आगीची घंटा वाजली तेव्हा आग कुठेच लागलेली नव्हती. वर्षातून एकदा होणारी ती सक्तीची कवायत होती, आणि भर कामाच्या वेळी अख्ख्या संस्थेला जिने उतरून हिरवळीवर उभं राहावं लागे. लोक कुरकुरत खाली आले. कुणी फोनवर बोलत, कुणी अर्धा चहा सांभाळत. भेसळवाली तर डबाच घेऊन आली होती, कारण घंटा नेमकी तिच्या पहिल्या घासाला वाजली आणि उपाशीपोटी जीव वाचवण्यात तिला काही राम वाटेना.

तिला चांगलं घरचं नाव होतं, पण इथे सगळे तिला भेसळवालीच म्हणत आणि ती खुशाल ओ देई. कामच तसं होतं ना तिचं! फार लांबच्या, अगदी अंधुक दीर्घिकांचा प्रकाश दुर्बिणीत आला की तो रंगांमध्ये पसरवून त्याचा आलेख काढतात. तो वर्णपट. त्या वेड्यावाकड्या रेघेत जी टोकं वर येतात, त्यांच्यावरून दीर्घिका कशाची आहे, किती लांब आहे, सगळं कळतं. पण इतक्या अंधुक गोष्टींच्या रेघेत खरं टोक कुठलं आणि नुसता गोंगाट कुठला, हे ओळखताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. त्यासाठी संस्थेत एक चाळणीची खोली होती. तिथे काही मंडळी दिवसभर वर्णपट बघत आणि आपल्याला किती खात्री वाटते त्याचे गुण देत. आता ही चाळणी धड आहे की तिच्यातून निम्मं निसटतंय, हे कळायचं कसं? तर खऱ्या वर्णपटांमध्ये गुपचूप थोडे खोटे मिसळायचे आणि त्यांचं काय होतं ते बघायचं. हे खोटे वर्णपट बनवणारा प्रोग्रॅम हिने लिहिला होता. कित्येक वर्षं खपून, एकटीने.

हिरवळीच्या टोकाला एक उंच तरुण उभा होता. डाव्या हातावर उघडा लॅपटॉप, उजव्या हाताने पडद्यावर सावली धरलेली, आणि आगीशी आपला काडीचा संबंध नसल्यासारखं काम चालू. त्याने मान वर केली तर समोर ही.

“जरा बघता का हो?” तो म्हणाला. “तुम्ही बाहेरच्या आहात म्हणून विचारतो. नुसतं बघून सांगा... ही खरी वाटते का?”

“मी बाहेरची?”

“हिशेब विभागातल्या ना तुम्ही? कवायतीला डबा घेऊन येण्याइतकं शहाणपण आमच्या लोकांत नाही.”

बघू नये ते तिने बघितलंच. एका क्षणात तिला कळलं की रेघ तिचीच आहे, आणि दुसऱ्या क्षणात तिने डब्याचं झाकण त्याच्या पडद्यासमोर धरलं.

“झाका ते आधी,” ती म्हणाली. “मी भेसळवाली.”

त्याने लॅपटॉप असा काही फटकन मिटला की स्वतःचंच बोट त्यात चेमटलं. मग बोट झटकत, ओठ आवळत तो तिच्याकडे बघत राहिला... आणि ती हसू दाबत त्याच्याकडे.

हा तो पाहुणा. दुसऱ्या संस्थेतून वर्षभरासाठी आलेला, म्हणून सगळे त्याला पाहुणाच म्हणत. ती रजेवर असताना आला होता, त्यामुळे गाठ पडली नव्हती. तिने त्याला नियम समजावून सांगितला. चाळणीच्या खोलीत भेसळवालीने पाऊल टाकायचं नाही, चाळणीवाल्यांनी तिला काही दाखवायचं नाही, आणि वर्णपटांबद्दल एकमेकांशी चकार शब्द काढायचा नाही. हा नियम मॅडमचा, आणि मॅडम म्हणजे विभागाच्या प्रमुख. त्यांचा नियम मोडून कुणी सुखाने जगल्याचं ऐकिवात नव्हतं.

“मग तुमच्याशी बोलायचं काय?” त्याने विचारलं.

“बोलायलाच कशाला हवं?”

“हो, तेही खरंच...” तो म्हणाला, पण जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली नाही, तरी दोघं जेवायच्या वेळेला हिरवळीवर हजर. आपण सहज आलोय असं दोघांनीही दाखवलं आणि दोघांनीही ते खरं मानून घेतलं. मग रोजचंच झालं. वर्णपटांबद्दल बोलायची बंदी, त्यामुळे बाकी जगातलं सगळं बोलून झालं. त्याची आई त्याला रोज फोन करून काय शोधलंस म्हणून विचारते, आणि अजून काही नाही म्हटलं की नीट शोध म्हणते. तिची ताई दातांची डॉक्टर आहे, तोंड उघडलं की समोरच्याच्या दाढा मोजते आणि स्वतःच्या तोंडाला मात्र फाटक नाही. तिला सकाळी कुणी बोललेलं खपत नाही. त्याला कुणी बोललं नाही तर करमत नाही.

पण बंदी असली की माणसाला खाज येतेच. पाहुणा मधूनच हळूच म्हणे, “आज एक काय देखणी दिसली, सांगू...” आणि तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघे. तिच्या डोळ्यांत काही हललं तर ती दीर्घिका खोटी, असा त्याचा हिशेब. तिने ताईला विचारलं, चेहरा कोरा ठेवायचा कसा? ताई म्हणाली, सोपं आहे, मी पेशंटची सडकी दाढ बघताना ठेवते तसा ठेव. त्या दिवसापासून भेसळवाली त्याच्याकडे सडकी दाढ बघितल्यासारखी बघू लागली.

“हे काय चाललंय तुमचं?” तो म्हणाला. “काल भुवई तरी हलत होती.”

“तू गप्प जेव.”

तिने जीभ चावली. तो मात्र खुशीत मागे रेलला. “झालं. आता हे ‘तू’ परत घ्यायचं नाही. आणि माझ्याकडूनही तूच.”

त्या दुपारी ती जागेवर आली ती गुणगुणतच. नियमाप्रमाणे खोटा वर्णपट प्रोग्रॅमनेच चिठ्ठी काढल्यासारखा बनवायचा, माणसाने त्यात हात घालायचा नाही. पण लिहिणारीने आपल्या सोयीसाठी एक मागचं दार ठेवलं होतं. तिथून एकेक टोक हाताने बसवता यायचं. ते तिने उघडलं. पाहुण्याला कसल्या दीर्घिका आवडतात हे तिला ठाऊक होतं, फार फार लांबच्या, जन्मून फार दिवस न झालेल्या. तशीच एक तिने बनवली. तीन टोकं, मधल्याचा उजवा खांदा किंचित उतरता, आणि वरून गोंगाटाचा असा पातळ पडदा की धीर धरून बघणाऱ्यालाच ती दिसावी. काम झाल्यावर ती पुसून टाकायला हवी होती. पण ती इतकी छान जमली होती... तिला टाकवेना. आठवड्याच्या खेपेत तिने ती चाळणीत सोडून दिली. खोट्या कुठल्या त्याची यादी मॅडमच्या कुलपात गेली, आणि ही आपल्या बाकीच्या कामाला लागली.

आणि एका दुपारी पाहुणा धावतच आला. डबा नाही, लॅपटॉप नाही, श्वास नुसता वर आलेला.

मोठ्या दुर्बिणीची एक रात्र बाहेरून आलेल्यांपैकी कुणा एकाला मिळणार होती, ती त्याला मिळाली. एक रात्र, एकच दीर्घिका. नेमकी कुठली बघायची ते त्याने या शुक्रवारपर्यंत कळवायचं. त्यातून काही हाती लागलं तर संस्था त्याला कायमचं ठेवून घेणार, नाहीतर मुदत संपली की बिस्तरा गुंडाळायचा. चाळणीचं कुलूप मात्र महिनाभराने उघडणार होतं, म्हणून जोखीम होतीच. पण हजारांत खोट्या त्या किती? मूठभर. त्यातली नेमकी हीच निघायची?

“नको सांगू,” ती म्हणाली.

“मोडतो नियम. आज मोडतो. एवढे दिवस बघतोय, पण पूर्ण गुण मी एकीलाच दिलेत. तीन टोकं आहेत गं... आणि मधल्याचा उजवा खांदा असा, जरासा उतरलाय...”

त्याने हवेत बोटाने तो खांदा काढून दाखवला. तो खांदा तिने स्वतःच्या हाताने उतरवला होता. चेहरा मात्र ताईने शिकवला होता तसा, जसाच्या तसा राहिला.

तो निरखून बघत होता. मग एकदम हसला. “भुवईसुद्धा हलली नाही तुझी. म्हणजे खरी!”

आणि गेला, दोन दोन पायऱ्या चढत.

संध्याकाळी ती ताईच्या दवाखान्यात जाऊन बसली. शेवटचा पेशंट गेल्यावर तिने सगळं सांगितलं. सांगितलं नाही तर तो आपली एकुलती एक रात्र रिकाम्या आकाशाकडे बघण्यात घालवणार, आणि वर लोक हसणार. सांगितलं तर चाळणीची ही सगळी चाचणी बाद. आकाशाची एक मोठी पाहणी सुरू व्हायची होती, तिचे लोक पुढच्या महिन्यात ठरवणार होते की असा प्रोग्रॅम कुणाचा घ्यायचा. चाचणी पुरी झाली नाही तर हिचा घ्यायचा प्रश्नच नव्हता. ताईने हातमोजे काढत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तू मला विचारायला आली नाहीयेस धाकटे. तू ठरवून आली आहेस, आणि आता तुला कुणीतरी जवळ बसायला हवंय. तर बस.”

ती बसली. जरा रडलीही. मग ताईने तिला घरी जेवायला नेलं.

सकाळी ती आधी मॅडमकडे गेली. पळवाट तिला नकोच होती. मॅडमनी शांतपणे ऐकलं. एक उघडली की कुलूप उघडलं, त्या म्हणाल्या. चाचणी रद्द, नवी करायला अर्धं वर्ष, आणि पाहणीवाले तोवर कुणासाठी थांबणार नाहीत. हे सगळं तिला माहीत होतं. कुलूप माझं असलं तरी भेसळ तुझी आहे, मॅडम म्हणाल्या, तेव्हा काय ते तूच ठरव.

“ठरवलंय,” ती म्हणाली.

“बरं. आणि हाताने का बनवलीस? तुझाच नियम होता तो.”

“आवडला म्हणून.”

मॅडमनी चष्मा काढला. “वर्णपट?”

“नाही.”

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला आणि दाराकडे हात केला.

चाळणीच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी ती थांबली आणि तिथूनच त्याला बाहेर बोलावलं. बोळात कुणी नव्हतं. तिने आढेवेढे घेतले नाहीत.

“ती माझी आहे. तीन टोकांची. तिथे आकाशात काही नाही.”

त्याला आधी चेष्टाच वाटली. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून ओठावरचं हसू हळूहळू विरलं. कुणाकुणाला माहीत आहे, त्याने विचारलं. कालपर्यंत मला एकटीला, ती म्हणाली, आज मॅडमना.

“हसलीस का मला?”

“एकदाही नाही.”

“मी आईला सांगून बसलोय,” तो म्हणाला. “ती शेजारच्यांनाही सांगून बसली असेल.” आणि तो वळला.

“ती इतकी देखणी का आहे, ते तरी विचार!”

तो विचारायला थांबला नाही. म्हणून तिने त्याच्या पाठीला सांगितलं. “तुझ्यासाठी बनवली होती. मुद्दाम... तुला आवडेल अशी. तू आवडतोस म्हणून.”

त्याची पाठ क्षणभर जागच्या जागी थांबली. मग तो बोळाच्या टोकाला जाऊन वळून दिसेनासा झाला.

त्या दिवशी तो हिरवळीवर आला नाही. तिने एकटीने डबा खाल्ला, सगळा खाल्ला, कारण टाकायची तिला सवय नव्हती. वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं, पण पस्तावा शोधूनही सापडत नव्हता. पुन्हा सांगायची वेळ आली असती तर तिने पुन्हा सांगितलं असतं. फार तर आदल्याच दिवशी, त्याचा तो खांदा हवेत काढून होण्याआधी.

दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीचं दार खुर्चीच्या पायाने ढकललं गेलं. खुर्चीमागे पाहुणा. चाचणी बाद झाली होती, त्यामुळे आता कुणी कुणाच्या खोलीत जायला बंदी नव्हती. त्याने खुर्ची तिच्या शेजारी लावली, लॅपटॉप उघडला आणि विचारलं, “मला सांग, इथे गोंगाट कुठे संपतो?”

पडद्यावर एक अगदीच काहीतरी वर्णपट होता. सगळी रेघ खरवडल्यासारखी, आणि एका बाजूला एकच मरतुकडं टोक. कुलपाच्या यादीत ही दीर्घिका नव्हती, ते त्याने मॅडमकडून आधीच विचारून घेतलं होतं. चाळणीत तिला कुणी फारसे गुण दिले नव्हते, त्यानेही नाही. पण काल दिवसभर तो तिच्याकडेच बघत बसला होता.

“खरी आहे का, हे मी नाही सांगू शकत,” ती म्हणाली. “पण हे टोक आपोआप उगवू शकतं का, ते सांगू शकते. माझ्या प्रोग्रॅमला म्हणू, याच आकाशातला नुसता गोंगाट बनव. दीर्घिका एकही नाही. पुन्हा पुन्हा बनव. बघू असं टोक कितीदा येतं.”

खोटं बनवण्यासाठी लिहिलेलं यंत्र खऱ्याची बाजू घ्यायला बसलं. त्याला वेळ लागणार होता. दोघं शेजारी शेजारी बसून पडद्याकडे बघत राहिले, कोपराला कोपर जेमतेम न लागेल इतक्या अंतरावर.

“काल दिवसभर राग होता,” तो म्हणाला. “तुझा नाही. माझ्या नजरेचा. एवढी वर्षं हेच करतोय, आणि माझी नजर भाळली ती नेमकी खोटीवर.”

“तुझी नजर चुकली नव्हती.” तिने वळून सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. “तिच्यात जे होतं ते खरंच होतं. आकाशात नव्हतं, एवढंच.”

त्याचे कान हळूहळू लाल होत गेले, आणि ते लपवायची त्याला काही सोय नव्हती. कोपर कोपराला लागलं. कुणीच काढून घेतलं नाही.

नुसत्या गोंगाटातून तसं टोक जवळजवळ कधीच उगवत नाही, असं प्रोग्रॅमने शेवटी सांगितलं. पाहुण्याने त्याच दिवशी ती मरतुकडी दीर्घिका कळवून टाकली.

मोठ्या दुर्बिणीने तिला रात्रभर बघितलं आणि ती निघाली खरी. त्याला वाटलं होतं तितकी लांबची नव्हती, पण तिच्या वयाच्या मानाने फार विचित्र होती, आणि विचित्र गोष्टींवर संस्थेचं पोट चालतं. पाहुण्याला ठेवून घेतलं. आईला त्याने फोनवर सगळा खुलासा केला, तेव्हा आईने एवढंच विचारलं की पहिली बनवणारी मुलगी कोण. भेसळवालीचा प्रोग्रॅम मात्र पाहणीवाल्यांनी घेतला नाही. दुसऱ्या कुणाचा घेतला. ती बातमी आली त्या संध्याकाळी ती चिडली, ताईकडे जाऊन तावातावाने बोलली, आणि सकाळी येऊन तिने आधी ते मागचं दार प्रोग्रॅममधून काढून टाकलं. मग नव्या चाचणीची तयारी सुरू केली. पुढच्या वेळी घेतील, नाही घेतलं तर त्यांचं नशीब, असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती.

नव्या चाचणीसाठी मॅडमनी सगळ्यांना एकत्र बसवलं. मागच्या वेळी जे झालं ते पुन्हा नको, म्हणून त्यांनी नवे नियम एकेक करून सांगायला सुरुवात केली. त्यातला एक असा की, भेसळ करणाऱ्याशी ज्याचं जवळचं नातं असेल, त्याने चाळणीत बसायचं नाही. कुणाचं तसं असेल तर आत्ताच हात वर करावा.

हे नुसतं सांगायचं म्हणून सांगितलं होतं. मॅडम पुढच्या नियमाकडे वळल्याही होत्या. तेवढ्यात मागच्या रांगेत एक हात वर गेला. लांब, सरळ, कोपरात न वाकलेला.

सगळ्या माना मागे वळल्या. मग तिथून पुढे, भेसळवालीकडे. तिने चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न केला, पण या खेपेला ताईची शिकवण काही कामाला येईना.

“तुमचं नातं आहे?” मॅडमनी विचारलं. “कुठलं?”

पाहुणा उभा राहिला. हात अजून वरच होता.

“ते अजून ठरायचंय, मॅडम,” तो म्हणाला. आवाज स्वच्छ होता, खोलीच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असा. “म्हणजे... माझ्या बाजूने ठरलंय. तिला विचारायचं राहिलंय. पण नियमाप्रमाणे आत्ताच हात वर करायचा होता, म्हणून केला.”

मॅडमनी चष्मा काढला आणि भेसळवालीकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखाद्या उत्तराची घाई झालेली दिसत होती.

ती उठली. मागे वळून तिने त्या वर धरलेल्या हाताकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तो वाट बघत होता, भुवईच्या हालचालीची नव्हे, उत्तराची.

“ठरलंय,” ती म्हणाली. “याला चाळणीतून काढा.”